धावत्या प्रदक्षिणेला अभ्यास म्हणू नये

युरोपच्या कला-अभ्यास सहलीला निघालेल्या आपल्या समाजातील नऊ विद्यार्थ्यांना मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून मदत द्यावी, असा ठराव गेल्या कार्यकारिणीत बहुमताने संमत झाला. त्या ठरावाला विरोध करणारे आम्ही तिघे सभासद. सभेत वेळ थोडा होता, शिवाय मुलांच्या आईवडिलांसमोर विरोधाचा सूर लावणे जिवावर आले, त्यामुळे आमची बाजू नीट मांडली गेली नाही. ‘तुमचे म्हणणे अंकात लिहा, सगळ्यांना वाचू द्या,’ असे अध्यक्षांनी मोठ्या मनाने सांगितले. त्या सूचनेचा लाभ घेऊन हे लिहीत आहोत. निधी काही मोठा नाही. परंतु तो आपल्या आजोबा-पणजोबांनी वडोदऱ्यात स्थिरावताना पहिल्या पगारातून आणि मुंजीच्या अहेरातून जमवलेला आहे. त्यातला पैसा कशाला अभ्यास समजून द्यायचा, हा प्रश्न आम्हाला रकमेहून मोठा वाटतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मुलांनी युरोपला जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण सभेत आमच्या तोंडी घालण्यात आली. ती आमची नव्हे. ज्याला चित्र, शिल्प किंवा वास्तू यांचा अभ्यास करायचा आहे, त्याने मूळ वस्तूसमोर उभे राहिलेच पाहिजे. पुस्तकातल्या छापील चित्राने ते काम होत नाही. आमचा आक्षेप जाण्याला नाही, तर ज्या रीतीने मुलांना नेले जाते त्या रीतीला आहे.

सहलीचे पत्रक आमच्यासमोर आहे. तेरा दिवस, सहा देश, अकरा शहरे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाला दोन तास. फ्लॉरेन्सला सकाळी आगमन, उफिझी दालन, मुख्य चर्च, आणि दुपारी पिसाकडे प्रयाण. शेवटी प्रत्येकाला ‘युरोपीय कलेतिहासाचा प्रत्यक्ष अभ्यास’ केल्याचे प्रमाणपत्र. आपल्याकडे यात्रा कंपन्या चारधाम घडवून आणतात, त्यात काही वावगे नाही. भाविक देवाचे मुखदर्शन घेऊन बाहेर पडतो आणि त्याचे पुण्य त्याच्या श्रद्धेत असते. पण चित्राचे मुखदर्शन घेऊन चित्र कळत नाही. तिथे ‘गंगेत घोडे न्हाले’ म्हणून चालत नाही.

लूव्हरचाच हिशेब करून पाहू. तिथे सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला एक मिनिट द्यायचे म्हटले, तरी रोज आठ तास उभे राहून सत्तरहून अधिक दिवस लागतील. अर्थात सगळे पाहण्याचा आग्रह कोणीच धरणार नाही. निवड करावीच लागते. ती निवड पत्रकाने करून टाकली आहे : मोनालिसा. हे चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेहून थोडेसेच मोठे. त्याच्यासमोर सदैव गर्दी असते आणि बहुतेक प्रेक्षक ते मोबाईलच्या पडद्यातून पाहतात. त्याच दालनात, समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेसे या चित्रकाराचे ‘कानामधील विवाहभोजन’ हे जवळजवळ दहा मीटर रुंद चित्र आहे. लूव्हरमधले हे सर्वांत मोठे चित्र. आणि गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते.

या चित्राची कथा अशी. व्हेरोनेसेने ते १५६२-६३ मध्ये व्हेनिसच्या सान जोर्जो माज्जोरे मठाच्या भोजनगृहासाठी रंगवले. जेवणाऱ्या भिक्षूंच्या समोर मेजवानीचे चित्र, अशी ती योजना होती. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापून, गुंडाळून पॅरिसला नेले. ते परत गेले नाही. २००७ पासून त्या भोजनगृहात त्याच आकाराची हुबेहूब प्रतिकृती लावलेली आहे. मूळ वस्तू परक्या दालनात आणि प्रतिकृती मूळ जागी, यांपैकी खरे चित्र कोठे आहे, हा प्रश्न कलेच्या विद्यार्थ्याला आठवडाभर पुरेल. पत्रकात व्हेनिस आहे, पॅरिस आहे. हा प्रश्न मात्र कोठेच नाही. तो प्रश्न पडायला एखाद्या वस्तूसमोर थांबावे लागते, आणि थांबण्याची सोय पत्रकात ठेवलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच सहलीहून परतलेल्या आपल्या काही मुलांचा कार्यक्रम मंडळाच्या सभागृहात झाला होता. पडद्यावर शेकडो छायाचित्रे दाखवली गेली आणि टाळ्याही पडल्या. आमच्यापैकी एकाने तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे. त्याने एका हुशार मुलीला विचारले, ‘बाळ, तू पाहिलेल्यांपैकी कोणतेही एक चित्र डोळे मिटून सांगशील? कोण कोठे उभे आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो?’ मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग प्रामाणिकपणे म्हणाली, ‘काका, बघायला वेळच नव्हता. फोटो काढून घेतले, म्हटलं घरी जाऊन बघू.’ सभागृहात हशा झाला. आम्हाला हसू आले नाही. त्या मुलीचा काहीच दोष नव्हता. तिच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून तिला पाठवले होते आणि तिला मिळाली ती छायाचित्रे, जी घरबसल्या याहून चांगल्या छपाईत पाहता आली असती.

पाहणे शिकावे लागते, आणि शिकण्याला वेळ लागतो. हे मत आमचे एकट्याचे नाही. इंग्लंडचा विख्यात चित्रकार जोशुआ रेनल्ड्स १७५० मध्ये रोमला पोहोचला आणि दोन वर्षे राहिला. पुढे १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीचा तो पहिला अध्यक्ष. व्हॅटिकनमधली राफाएलची चित्रे प्रथम पाहिली तेव्हा आपल्याला त्यांत गोडी वाटली नाही, याची त्याला लाज वाटली. आणि हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. तो पुनःपुन्हा त्या दालनांत गेला, चित्रांच्या नकला करत बसला, तेव्हा कोठे ती उलगडू लागली. रेनल्ड्सला तेरा दिवसांच्या सहलीने नेले असते, तर राफाएल आवडला नाही एवढेच घेऊन तो परतला असता. किंवा अधिक वाईट म्हणजे, आवडला असे खोटे सांगत फिरला असता.

फ्रान्सच्या राजसत्तेने तर ही गोष्ट नियमाने बांधली. १६६६ मध्ये रोमला फ्रेंच अकादमी स्थापन झाली. स्पर्धेत निवडलेले तरुण चित्रकार-शिल्पकार सरकारी खर्चाने तिथे जात, वर्षानुवर्षे राहत, प्राचीन शिल्पांच्या नकला करत आणि काय केले हे पॅरिसला कळवत. दाव्हिदने १७७४ मध्ये हे पारितोषिक मिळवले आणि १७७५ ते १७८० अशी पाच वर्षे तो रोममध्ये होता. ही पद्धत पुढे साचेबंद झाली, तिच्याविरुद्ध बंडेही झाली आणि १९६८ मध्ये ती स्पर्धा बंद पडली. तिचे दोष आम्हाला ठाऊक आहेत. पण अभ्यास म्हणजे मुक्काम, ही तिची समजूत चुकीची नव्हती.

यावर कोणी म्हणेल की अठराव्या शतकात इंग्रज उमरावांची मुले ‘ग्रँड टूर’च्या नावाखाली शिक्षकाला बरोबर घेऊन दोन-दोन, तीन-तीन वर्षे युरोप हिंडत आणि त्यांतली कित्येक जुगार व मौजमजा करून, जाताना व्हेनिसच्या कानालेत्तोचे एखादे चित्र खूण म्हणून विकत घेऊन परतत. हे खरे आहे. नुसत्या मुक्कामाने कोणी शहाणा होत नाही. महाकवी गटेचा दाखलाही आमच्यावर उलटवता येईल : १७८६ च्या ऑक्टोबरात रोमला पोहोचण्याच्या घाईत त्याने फ्लॉरेन्स तीन तासांत उरकले, आणि असिसीला भित्तिचित्रांनी भरलेले सेंट फ्रान्सिसचे चर्च टाळून केवळ मिनर्व्हाचे प्राचीन मंदिर पाहिले. पण गटेला आपण काय सोडतो आहोत आणि कशासाठी, हे माहीत होते. रोमला पोहोचल्यावर तो थांबला. मधला दक्षिणेचा प्रवास वगळता एक वर्षाहून अधिक काळ तिथे राहिला आणि चित्रे काढत बसला. तीन तासांचे फ्लॉरेन्स हा त्याच्या प्रवासातला अपवाद होता. आपल्या पत्रकात तोच नियम झाला आहे.

आता प्रत्यक्ष विद्येकडे वळू. भित्तिचित्र कसे होते, हे विद्यार्थ्याला भिंतीसमोरच कळते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. गिलावा वाळताना रंग त्यात कायमचा बसतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा चित्रकार भिंतीवर लावतो, आणि दोन दिवसांच्या कामांमधला सांधा नीट पाहिल्यास शतकांनंतरही दिसतो. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने १३०५ च्या सुमारास केलेल्या चित्रांत काही वस्त्रांवरचा निळा रंग उडालेला आहे. कारण तो निळा ओल्या गिलाव्यात टिकत नसल्यामुळे वाळलेल्या पृष्ठावर वरून लावावा लागे. मिलानला लिओनार्दोने ‘शेवटचे भोजन’ कोरड्या भिंतीवर रंगवले आणि त्याच्या हयातीतच ते सुटू लागले. १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे त्याचे जतनकार्य चालले. आपल्या अजिंठ्याचे तंत्र आणखी निराळे : तिथे मातीच्या लिंपणावरचा पातळ थर वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात मिसळलेला रंग दिला आहे. ज्या विद्यार्थ्याने हे तिन्ही प्रकार डोळ्यांनी पारखले, त्याला भिंत वाचता येते. ज्याने तिन्हींपुढे हसत छायाचित्रे काढून घेतली, त्याला येत नाही.

पादुआला आणि मिलानला प्रत्येक गटास पंधरा मिनिटेच आत राहू देतात, मग तुमचा मुक्काम घेऊन काय करायचे, असे सभेत कोणी विचारले. प्रश्न रास्त आहे. माणसांच्या श्वासातील ओलावा आणि धूळ यांनी भिंती खराब होतात, म्हणून पादुआला पंचवीस जणांचा गट आधी पाव तास वेगळ्या खोलीत बसवतात आणि मग आत सोडतात. पण म्हणूनच तर तयारी हवी. पंधरा मिनिटांत काय पाहायचे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला ती पुरतात. आणि जो तिथे मुक्कामाला आहे, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढू शकतो.

एका शहरात चाळीस दिवस, अशी आमची सूचना आहे. उदाहरणादाखल फ्लॉरेन्सच घ्या. सांता क्रोचे चर्चमध्ये जोत्तोने रंगवलेली दोन चॅपेले शेजारी-शेजारी आहेत. एकात त्याने मुख्यतः ओल्या गिलाव्यावर काम केले, दुसऱ्यात कोरड्यावर, आणि दुसरे किती अधिक झिजले हे दोन पावले सरकून पाहता येते. उफिझीच्या एकाच दालनात चिमाब्वे, दूच्चो आणि जोत्तो या तिघांच्या सिंहासनस्थ मेरीमाता एकत्र आहेत. विषय एक, काळ जवळपास एक, तरी तिसऱ्या चित्रातली माता आसनावर खरोखर वजन टाकून बसली आहे. हे पाहायला एक सकाळ लागते आणि ती सकाळ जन्मभर पुरते. ब्रुनेलेस्कीचा घुमट १४२० ते १४३६ या काळात खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता कसा रचला गेला, हे त्याच्या दोन कवचांमधल्या जिन्याने वर जाताना विटांची ठेवण पाहूनच उमगते.

आणि सान मार्कोचा मठ. तिथे फ्रा अँजेलिको या भिक्षूने आपल्या सहकाऱ्यांच्या साह्याने चाळीसहून अधिक कोठड्यांत भित्तिचित्रे रंगवली. बहुतेक कोठड्यांत एकेकच. त्या कोठडीत राहणाऱ्या एका माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर पाहावे म्हणून काढलेले ते चित्र. आपल्या पत्रकात सान मार्को नाही. असते तर त्याला पाऊण तास मिळाला असता, म्हणजे एका कोठडीला एक मिनिट. एका माणसाच्या आयुष्यभराच्या पाहण्यासाठी काढलेल्या चित्राला एक मिनिट देणे आणि त्याला अभ्यास म्हणणे, हे आम्हाला मान्य नाही.

आता मुख्य आक्षेपांकडे येऊ. ‘मुलांना पुन्हा जायला मिळेल का? एकदाच जायचे तर सगळे पाहून घ्यावे,’ असे पालक म्हणतात. त्यामागची काळजी आम्ही समजतो. आपली बहुतेक कुटुंबे नोकरीपेशातली आहेत. पण एकदाच जायचे असेल, तर उलट काहीतरी एक पक्के घेऊन यावे. ज्याने एक शहर नीट पाहिले, तो उरलेली दहा पुढे पुस्तकांतूनही ओळखू शकतो; ज्याने अकरा ओझरती पाहिली, त्याला एकही ओळखता येत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. अकरा शहरांतली हॉटेले, बसगाड्या आणि सहल कंपनीचा नफा वगळून एकाच ठिकाणी महिन्याच्या बोलीने खोली घेतली आणि स्वयंपाक हाताने केला, तर रोजचा खर्च पुष्कळ उतरतो. तरीही चाळीस दिवसांचा एकूण भार अधिकच असेल, हे आम्ही लपवत नाही. नवांऐवजी तिघांनाच पाठवता येईल आणि सहा घरांत निराशा होईल. ती निराशा आम्ही आमच्या अंगावर घ्यायला तयार आहोत. तिसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. तिघे-चौघे एकत्र, सोबत एक जाणते शिक्षक आणि मुक्कामाचे एकच घर, ही व्यवस्था रोज नवे शहर गाठण्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे. आणि परवानगीचे म्हणाल, तर शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांपर्यंत राहू देतो. चाळीस दिवस त्यात सहज बसतात.

आणखी एक बाजू सभेत कोणीच मांडली नाही. या स्थळांवर आपलाही भार पडतो. व्हेनिसच्या जुन्या शहरातली कायम वस्ती २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली, आणि २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून त्या शहराने प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. सकाळी उतरून संध्याकाळी निघून जाणारा प्रवासी शहराला काही देत नाही, उलट झिजवून जातो. याउलट १९६६ चे उदाहरण पाहा. ४ नोव्हेंबरला आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्समध्ये शिरला. सांता क्रोचेतला चिमाब्वेचा क्रूस पाण्याखाली गेला आणि त्याचा बराचसा रंग वाहून गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातले असंख्य ग्रंथ चिखलात बुडाले. त्या वेळी इटलीतले आणि देशोदेशींचे तरुण, त्यांत बरेचसे विद्यार्थी, तिथे धावून गेले. रांगा करून हातोहात ग्रंथ बाहेर काढले आणि पानापानावरचा चिखल पुसला. फ्लॉरेन्सचे लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नव्हते.

शेवटी घराकडे येतो, कारण तयारी इथेच व्हायची आहे. सयाजीराव महाराजांनी युरोपीय चित्रे विकत घेऊन कमाटीबागेत खास चित्रदालन बांधवले. पहिल्या महायुद्धामुळे चित्रे तिकडे अडकली आणि दालन १९२१ मध्ये खुले झाले. ज्यांना विलायतेला जाता येत नाही, त्यांच्यासाठी महाराजांनी विलायतेची कला इथे आणली. तांबेकर वाड्यात, एका मराठी दिवाणाच्या घरात, कृष्णलीलांपासून मराठे-इंग्रजांच्या लढायांपर्यंत एकोणिसाव्या शतकातली चित्रे भिंतींवर आहेत. निघालेल्या नऊ जणांपैकी किती जणांनी तो वाडा आतून पाहिला आहे, असे आम्ही विचारले, उत्तर दोन. वाडा पाहिला म्हणजे पादुआ पाहण्याची गरज संपते, असे नव्हे. पण गिलावा, रंग आणि रेषा पाहायची सवय ज्या डोळ्याला रावपुऱ्यात लागली नाही, ती विमानातून उतरताच इटलीत लागेल, ही आशा म्हणजे ‘पी हळद, हो गोरी’.

म्हणून कार्यकारिणीला आमची विनंती अशी आहे. यंदाच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवावी आणि मदतीला तीन अटी घालाव्यात. पहिली, विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी सहा महिने इथल्या चित्रांसमोर आणि वास्तूंसमोर बसून भरलेली रेखाटनवही दाखवावी. दुसरी, मदत एकाच शहरातल्या किमान चाळीस दिवसांच्या मुक्कामासाठी असावी. तिसरी, परत आल्यावर त्याने मंडळात छायाचित्रांचा कार्यक्रम करू नये; कोणत्याही एका कलाकृतीवर, स्वतःच्या रेखाटनांच्या आधारे, तासभर बोलावे. संस्थानी काळात शिष्यवृत्ती घेऊन विलायतेला जाणारा परतल्यावर राज्याची सेवा करण्याचा करार लिहून देत असे. आपण एक तास मागतो आहोत.

हे विचार मान्य नसणाऱ्यांनी पुढच्या अंकात अवश्य लिहावे; संपादकांनी जागा देण्याचे कबूल केले आहे. जूनच्या सर्वसाधारण सभेत आम्ही हा विषय पुन्हा मांडणार आहोत. सभासदांनी त्या दिवशी उपस्थित राहावे, आणि शक्य असेल त्यांनी येण्यापूर्वी आपल्या घरातल्या मुलाला किंवा नातीला घेऊन तांबेकर वाड्यात तासभर बसून यावे.